ओहायोचा बडी, लालबागचा साहेब

आमचा एक मित्र अमेरिकेत सध्या कुठल्या राज्यात राहतो, हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही. फोनवर तो आम्हाला काय म्हणून हाक मारतो, त्यावरून ते आपोआप कळायचं.

मित्र लालबागचा. आमच्याच चाळीतला, आमच्याच मजल्यावरचा, माझ्या खोलीपासून तिसऱ्या खोलीतला. वडील गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडली तरी बॉयलर काही त्या घरातून गेला नाही. मुलगा शिकून बॉयलरचाच इंजिनियर झाला आणि पंचवीसेक वर्षांपूर्वी एका अमेरिकन कंपनीने त्याला उचलून नेलं. कंपनीचं काम कागदाच्या कारखान्यांतले बॉयलर सांभाळण्याचं. कारखाने देशभर विखुरलेले, त्यामुळे पाच-सहा वर्षं झाली की ह्याचं बिऱ्हाड नव्या गावी. आणि बिऱ्हाड हललं की हाक बदललीच म्हणून समजा.

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. सुरुवातीची वर्षं तो माझ्या घरच्या फोनवर यायचा आणि रिसिव्हर हातोहात फिरायचा. पुढे मोबाइल आले. मग आम्ही चौघे वर्गमित्र चाळीच्या जिन्याच्या पायऱ्यांवर चहाचे ग्लास घेऊन बसायचो आणि मी मोबाइल स्पीकरवर टाकून मधल्या पायरीवर ठेवायचो. ती जागा मुळात त्याची. शाळेत असल्यापासून तो तिथेच बसायचा, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बरोबर पायात, आणि शिव्या खायचा.

पहिला मुक्काम अलाबामाला पडला. दोन महिन्यांत फोनवर सुरू झालं, "काय फेला, जेवलास का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फेला म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने खुलासा केला की इकडे दक्षिणेत असंच म्हणतात. कारखान्यातला फोरमन पहिल्याच दिवशी दारात उभा राहून म्हणाला होता, आत ये फेला. ओळख ना पाळख. ह्याला ते इतकं आवडलं की आठवडाभर तो ज्याला त्याला फेला म्हणत सुटला.

त्याच फोनवर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिथे त्याचं चुकलं. तो म्हणाला, इथे खाणावळीत वाढणारी बाई मला हनी म्हणते. हे वाक्य रविवारी सकाळी माझ्या घरात ऐकलं गेलं. दुपारपर्यंत ते तिसऱ्या खोलीत पोहोचलं आणि संध्याकाळी त्याची आई माझ्या आईसमोर पदर तोंडाला लावून बसली होती. "कोण ती? लग्न झालेली हा काय?" पुढच्या रविवारी बिचाऱ्याला स्वतःच्या आईला समजावावं लागलं की ती बाई साठीची आहे, आणि ट्रकवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना हनीच म्हणते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुका नाव नाय?"

अलाबामानंतर टेक्सास आलं आणि फेलाचा ब्रो झाला. "ब्रो, आहेस कुठे?" हे ऐकल्याबरोबर आमच्यातला एक जण उठून शाळेचा जुना नकाशा घेऊन आला आणि आम्ही टेक्सासवर टाचणी टोचली. मग कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग. तिथे आम्ही ड्यूड झालो. ड्यूड फार उदार शब्द निघाला. मित्राला ड्यूड, बायकोला ड्यूड, कुत्र्याला ड्यूड. एकदा फोन चालू असताना बॉयलरचा कसलासा भोंगा वाजला तेव्हा त्याने बॉयलरलाही ड्यूड म्हटलेलं आम्ही कानांनी ऐकलं आहे. तो सांगायचा की ह्या शब्दांना हद्दी अशा नसतात, सगळीकडे सगळं चालतं, फक्त कुठे काय जास्त पिकतं एवढंच. म्हणजे हापूससारखं. मिळतो सगळ्या बाजारांत, पण झाड कुठलं ते खाणाऱ्याला कळतं.

शेवटी ओहायो. तिथे बडी.

आम्ही हसायचो खरे, पण हसण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. माझी बायको गिरगावची. लग्न होऊन ती लालबागला आली तेव्हा अंतर जेमतेम काही मैलांचं, पण पहिल्याच आठवड्यात ती घाबरली. तिच्या माहेरी भाऊ-भाऊसुद्धा फार झालं तर 'अरे लेका' म्हणायचे, आणि तेही आवाज खाली ठेवून. इथे सकाळी सातला गॅलरीतून ओरडा ऐकू आला, "खंय होतंस रे मेल्या?" आणि तिला वाटलं कोणीतरी गेलं. दार उघडून पाहते तर माझी आई कोपऱ्यावरून दूध घेऊन आलेल्या मला प्रेमाने बोलावत होती.

मेल्या हा आमच्या चाळीतला परवलीचा शब्द. अर्धी चाळ मालवणी, आणि मालवणी घरात ज्याला मेल्या म्हणत नाहीत त्याने आपलं काय चुकलं ते शोधावं. माझी आई मला आणि त्या मित्राला एकाच हाकेत बोलवायची, "मेल्यांनू, जेवण थंड झाला!" त्यात कोण कुणाचा हे कधी पाहिलं जायचं नाही. बांगड्याचं तिखलं आमच्याकडे असलं की तो आमच्याकडे, त्यांच्याकडे असलं की मी त्यांच्याकडे. आम्ही दोघे एकमेकांनाही तेच म्हणायचो. त्याचं खरं नाव मला शाळेच्या हजेरीत ऐकून माहीत होतं.

आमच्या मुंबईतच एका माणसाला रे रोडच्या लाकडाच्या वखारीत उस्ताद म्हणतात, दादरच्या फुलबाजारात काका, आणि आमच्या गिरण्यांच्या जागेवर ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या त्यांच्या दारातला रखवालदार सर म्हणतो. माझ्या कॉलेजातल्या मुलीने तर टेक्सास घरातच आणून ठेवलंय. परवा मी टीव्हीचा रिमोट मागितला तर म्हणाली, "ब्रो, तुझ्या मांडीखाली आहे." तेव्हा अमेरिकेला हसण्यात अर्थ नाही, हे मला कळत होतं. कळून हसायचो.

आता साहेबाबद्दल सांगायला हवं.

मित्र अमेरिकेला निघाला त्याच्या आदल्या दिवशी चाळीतल्या मंडळाने त्याचा निरोप समारंभ केला. एकाने हार घातला आणि कमरेत वाकून म्हटलं, "साहेब, गरिबांना विसरू नका." सगळे हसले, तोही हसला. ते चिकटलं. फोन आला की आमच्यातला कोणी ना कोणी म्हणायचा, "बोला साहेब!" तो तिकडून फेला म्हणायचा, आम्ही इकडून साहेब. चार-पाच वर्षांनी तो घरी यायचा तेव्हा कोणाच्या तरी खोलीतून खुर्ची यायची, चहा ग्लासाऐवजी कपबशीतून यायचा, आणि आम्ही पायऱ्यांवर बसून खुर्चीतल्या साहेबाशी गप्पा मारायचो. प्रेमानेच, त्यात खोट नव्हती. आमच्याकडे माणूस मोठा झाला की त्याला बसायला खुर्ची देतात, एवढंच.

ह्यात माझा हात जरा जास्त होता, कारण मंडळाचं लिखाणकाम माझ्याकडे. दादरच्या एका कचेरीत मी तीस वर्षं टिपणं लिहीत आलो आहे, आणि चाळीच्या फळ्यावरचा मजकूरही माझाच. पाण्याची वेळ बदलली, दहावीत कोणी चमकलं, कोणाला देवाज्ञा झाली, सगळं एकाच वळणदार भाषेत. बायको म्हणते, तुम्ही रागावलात तरी फळ्यावर लिहिल्यासारखं रागावता. ते खरं आहे. मला राग आला की माझ्या तोंडून लालबाग निघून जातं आणि तिचं माहेर येतं. एकदा भाजीवाल्याने खराब टोमॅटो दिले तर मी त्याला "आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती" म्हणालो होतो. तो अजून मला बघून हसतो.

तीन वर्षांपूर्वी मित्राची आई गेली. त्याची कागदपत्रं तिथल्या कुठल्या कचेरीत अडकली होती, देश सोडता येईना. भावाने सगळं केलं. त्या रविवारी फोन आला नाही. दुःखातल्या माणसाला त्रास कशाला द्या, म्हणून आम्हीही केला नाही. मंडळातर्फे शोकसंदेश मात्र मी लगेच पाठवला, चांगला चार ओळींचा. बाकीच्या तिघांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, छान उतरलाय.

मग गेल्या वर्षी माझी आई गेली.

माणसं येत होती, जात होती. आम्ही चौघे आता पन्नाशी ओलांडलेले, नातेवाईकांसमोर एकमेकांना भाऊ म्हणतो, मेल्या म्हणायचं कधीच सुटलं. आईला खांदा देऊन परत आलो आणि मला एकाएकी जाणवलं की मला मेल्या म्हणू शकेल असं आता जगात एकच माणूस उरलंय. मी त्याच्या फोनची वाट पाहू लागलो. दुसरं काहीही नको होतं, त्याने एकदा तशी हाक मारायला हवी होती. मोबाइल हातात धरून मी गॅलरीत उभा होतो.

फोन आला. तिकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "सॉरी, बडी." थोड्या वेळाने पुन्हा, "सॉरी, बडी."

बडी! ह्याच फोनवर त्याने मागे सांगितलं होतं की तिकडे लहान मुलांना आणि कुत्र्यांनाही बडी म्हणतात. माझ्या आईच्या हातचं जेवून वाढलेला माणूस, आणि तिच्या जाण्याच्या दिवशी मला ओहायोचा उरलासुरला शब्द देतो. माझं डोकं फिरलं, आणि फिरल्याबरोबर भाषा सुधारली. मी म्हणालो, "आपण आवर्जून फोन केलात. आभारी आहे."

मग फोन बंद झाला.

त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता मी मोबाइल मधल्या पायरीवर ठेवला. तो वाजला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. तिघे म्हणाले, साहेब कामात असतील. काय झालं ते मला माहीत होतं. मी मुद्दाम लागेल असं बोललो होतो आणि ते लागलं होतं. पण चूक त्याची होती, असं मी स्वतःला बजावत राहिलो. आठ महिने गेले. मी दर रविवारी मोबाइल तिथेच ठेवत होतो, हे मात्र खरं.

बायको सगळं पाहत होती. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भांडण लालबागचं आणि भाषा माझ्या माहेरची. निदान स्वतःचं काहीतरी वापरायचं!"

"त्याने बडी म्हटलं मला. आई गेली त्या दिवशी."

"ऐकलं मी. आणि तुम्ही त्याला पंचवीस वर्षं काय म्हणताय?"

"साहेब. गंमत म्हणून."

"तोही हसायचा का?"

मी म्हटलं, तो हसायचाच. तिने पोळी तव्यावर टाकली आणि विषय संपवला. मला तिचा प्रश्न आवडला नाही.

एवढ्यात चाळ रिकामी करायची नोटीस आली. आमच्याकडे टॉवर होणार, हे वीस वर्षं ऐकत होतो. ते खरंच होणार म्हटल्यावर सगळ्यांचीच तारांबळ उडाली. भाड्याची घरं शोधणं सुरू झालं, माळ्यावरची भांडी खाली आली. मंडळाने ठरवलं की जाण्याआधी चाळीचा शेवटचा सत्यनारायण जोरात करायचा. पूजा, तीर्थप्रसाद, हळदीकुंकू आणि संध्याकाळी सत्कार. सत्काराशिवाय आमचा सत्यनारायण पूर्ण होत नाही. देवालाही सवय झाली असेल. तेव्हाच कळलं की खोलीच्या कागदांवर सह्या करायला मित्र येतोय. त्याने कळवलं ते भावाला. मला नाही.

तिघे म्हणाले, साहेब येणारच आहेत तर सत्कार त्यांचाच करू. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र अर्थातच मी लिहायचं.

मी लिहिलं. सूड म्हणा, सवय म्हणा, पण असं मानपत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. 'सातासमुद्रापार आपल्या कर्तृत्वाचा ध्वज फडकवणारे आमचे आदरणीय' इथून सुरुवात होती आणि शेवटपर्यंत ती खाली उतरली नाही. फ्रेम करून आणलं.

सत्यनारायणाच्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या चौकात छोटा मांडव होता. मित्र आला. केस पांढरे, पोट जरा सुटलेलं, पायांत पांढरे बूट. बूट काढून त्याने पूजेला नमस्कार केला. जिन्याकडे वळला तेवढ्यात एक जण धावला आणि त्याच्यापुढे लाल गादीची खुर्ची ठेवली, दुसऱ्याने बाटलीबंद पाण्याचं सील उघडून दिलं. तो खुर्चीकडे क्षणभर पाहत राहिला आणि बसला. आमच्या नजरा भेटल्या. त्याने मान हलवली. मीही हलवली, जशी कचेरीत नव्या साहेबांना हलवतात तशी.

सत्कार झाला. मी मानपत्र वाचलं. टाळ्या पडल्या. त्याच्या अंगावर शाल, हातात नारळ, मांडीवर फ्रेम. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं तर तो खरंच दोनच बोलला, "आभारी आहे." आणि ते म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. माझेच शब्द होते ते.

मग गर्दी प्रसादाकडे गेली. हळदीकुंकवाच्या बायकांचा घोळका वरच्या मजल्यावर निघाला. तिघे मित्र शिऱ्याचे द्रोण वाटायला धावले. जिन्याशी मी एकटा उरलो, मधल्या पायरीवर. मोबाइल शेजारी ठेवलेला, सवयीने. समोर दोन हातांवर खुर्चीत तो.

शेवटी तोच म्हणाला, "मानपत्र झकास आहे. शोकसंदेश जास्त चांगला होता."

"कुठला शोकसंदेश?"

"माझी आई गेली तेव्हाचा." त्याने शालीचं टोक खांद्यावर नीट केलं. तो चिडलेला नव्हता, आणि त्याचाच मला त्रास होत होता. "सकाळची पाळी होती माझी. भावाचा फोन आला, मी बॉयलरहाउसच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. एक म्हातारा फिटर आहे आमच्याकडे. त्याचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं. तो येऊन शेजारी बसला. चहाची सुट्टी संपेपर्यंत बसून होता. खांद्यावर हात ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाला, सॉरी, बडी. बस."

मी शेजारचा मोबाइल उगाच उलटा करून ठेवला.

"तो गेला आणि मी मोबाइल पाहिला. तुझा मेसेज आलेला. मला इतकं बरं वाटलं नाव बघून. उघडला. 'आदरणीय साहेब, आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाने मंडळास तीव्र दुःख झाले असून...'" त्याला तो पाठ होता. चारही ओळी. "मी दोनदा खाली नाव बघितलं रे. म्हटलं, हा कोण? हा तर आमच्याकडे बांगडा खायला यायचा."

वरच्या मजल्यावर बायका उखाणे घेत होत्या, हशा ऐकू येत होता.

"तुझी आई गेली तेव्हा मला काही सुचेना," तो म्हणाला. "मग म्हटलं, मला जे लागू पडलं होतं तेच देऊ. तुला फेला म्हणालो, ब्रो म्हणालो, ते काय मी अमेरिकन झालो म्हणून? मी ज्या गावी गेलो तिथे पहिल्या दिवशी कोणीतरी मला आपल्यात घेतलं, काहीतरी हाक मारली. ती मी रविवारी तुम्हाला सांगायचो. आणि इकडून काय यायचं? बोला साहेब." तो थोडा हसला. "पंचवीस वर्षं मला बसायला खुर्ची देताय तुम्ही. मला कधी कोणी सरकून जागा दिली नाही."

मला लाज वाटली. एवढी, की मान वर करवेना. मी नकाशावर टाचण्या टोचत राहिलो, कुठला शब्द कुठल्या राज्यातला ह्याच्या पैजा लावल्या, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण त्याला कुठल्या राज्यात ठेवलंय. त्याच्या आईने मला भरवलं होतं. तिच्या जाण्यावर मी 'असून' लावून वाक्य लांबवलं होतं आणि लोकांना वाचून दाखवलं होतं. आणि वर रुसलो होतो मी.

माफी मागावी असं मनात आलं. पण माझ्या माफीची भाषा मला माहीत होती. तोंड उघडलं असतं तर 'आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल' असंच काहीतरी बाहेर आलं असतं.

तेवढ्यात मित्रांतला एक जण चहा घेऊन आला. माझ्यासाठी ग्लास होता आणि त्याच्यासाठी सोनेरी काठाची कपबशी, कोणाच्या तरी लग्नातल्या आहेराची. "साहेब, घ्या," तो म्हणाला. मी ती कपबशी मधेच हातात घेतली आणि शेजारच्या कठड्यावर ठेवून दिली. चहा आणणारा बघतच राहिला.

"मेल्या," मी म्हणालो. आवाज जरा घोगरा आला, खूप वर्षांनी तो शब्द काढला होता. "ऊठ त्या खुर्चीवरून. ती पाहुण्यांची आहे."

मित्र माझ्याकडे पाहत राहिला. त्याने आधी मांडीवरचं मानपत्र खाली ठेवलं, त्यावर नारळ ठेवला, मग शाल काढून तिची घडी केली. सगळं सावकाश. मला वाटलं, आता निघून जातो की काय. तो उठला, दोन पावलं चालून जिन्याशी आला आणि थेट माझ्या पायांजवळ उभा राहिला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर वाटेत.

"सरक जरा, बडी," तो म्हणाला.

मी मधल्या पायरीवरचा मोबाइल उचलून खिशात टाकला आणि सरकलो.